आरसा धरणारा

गेल्या रविवारी भर दुपारी अजिंठ्याच्या लेण्यात एका माणसावर अन्याय झाला. हा माणूस दाराशी उन्हात उभा राहून आरशानं आत उजेड पाडतो आणि त्या उजेडात पाहुणे चित्रं बघतात. पूर्वी आरसा पुसला की त्यात बघून तो मिशा नीट करायचा. हल्ली करत नाही.

रविवारी उजेड चित्र सोडून खांबावर गेला. गाईड सगळ्यांदेखत ओरडला, "झोपलास का रं?"

"सूर्यच सरकला, साहेब." पाहुणे हसले.

मी वर्तमानपत्रासाठी लेणी बघायला गेलेला, त्याच्या शेजारीच उभा होतो. तो पुटपुटला, "भाऊ, मला नुसतं पांढरं दिसतंय. उजेड कुठं पडलाय, तेवढं हळूच सांगा."

मी सांगत गेलो. त्याचं काम टिकलं आणि डोळे आणखी तासभर भाजले. यात माझाही हात आहे.

दवाखान्याचं काढलं, तर म्हणाला, "येतो की. पन नाव कुठं छापू नका. आरसा काढून घेतील."

निजामी गेली, जिल्ह्याची नवी माहितीपुस्तिका निघाली. तीत लेणी आहेत, देवगिरी आहे, हा माणूस नाही.

तुम्ही लेणी बघायला जाल. दहा मिनिटं त्याचा आरसा स्वतः धरा, त्याला सावलीत बसवा, आणि निघताना आरसा मागच्या पाहुण्याच्या हाती द्या.