इन्चार्ज मावशींनी रोज नापास केलं

चहा झाला की इन्चार्ज मावशी चमचे मोजायच्या. स्वतःच्याच घरात, पाहुणे समोर बसलेले असताना. एखादा कमी भरला तर तो सापडेपर्यंत कुणाला उठू देत नसत. मनोरुग्णांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणून त्यांची हयात गेली होती, त्यामुळे नाव तेच पडलेलं. अवधपुरीतल्या आमच्या कॉलनीत मात्र लोक म्हणत, बाई संशयी आहे.

मानसोपचार नर्सिंगचा कोर्स संपवून मी तशाच वॉर्डातल्या नोकरीच्या मुलाखतीचं पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले, तर आधी त्यांनी ते उजेडात धरून शिक्का तपासला. मग मला स्टुलावर बसवलं आणि समोर तीन खुर्च्या मांडल्या. एकीवर स्वतः बसल्या, दोन रिकाम्या. "पॅनलमध्ये बोलतो एकच. बाकीचे दोघं तुझे हात बघत असतात," त्या म्हणाल्या.

पहिला प्रश्न त्यांनी पॅनलसारखाच हिंदीत टाकला. "पेशंट कहे, सिस्टर, एक बात बताऊँ, किसी से कहोगी तो नहीं? क्या करोगी?"

"वचन देईन आणि पाळीन," मी म्हटलं.

"नापास. उद्या ये."

का नापास, ते सांगितलं नाही. दहा दिवस असंच चाललं. मी उत्तर फिरवून द्यायची, त्या मान हलवायच्या. आई म्हणाली, "तिला तुला शिकवायचंय तरी का? तिलाच नोकरीवरून काढलं होतं म्हणतात." मग मीही त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

त्यातच एका दुपारी मी लवकर पोचले, तर त्यांच्या दारातून फाइल घेऊन रुबीना बाहेर पडत होती. अशोका गार्डन वस्तीतली, माझ्याच वर्गातली. जागा एकच होती आणि मुलाखत दोघींचीही. ती हसली, मला काही हसता आलं नाही.

"खरं उत्तर तिला सांगितलंत ना?" मी आत शिरताच विचारलं.

"तिलाही रोज नापासच करते."

मला ते खरं वाटेना. तोंडून निघून गेलं, "तुम्हाला काढलं होतं, हे तरी खरं का?"

मावशी उठून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. "नोकरी मीच सोडली. वॉर्डात तुझ्याच वयाची एक पोर होती. शपथ घालून मला म्हणाली, गोळ्या गिळत नाही, साठवून ठेवते. मला वाटलं, विश्वास टाकलाय, मोडू नये. डॉक्टरांना उद्या सांगू. त्याआधीच तिनं त्या सगळ्या एकदम घेतल्या. वाचली ती. पण तिच्या आईनं विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मी हो म्हटलं."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वचन द्यायचंच नाही. आधीच सांगायचं, तुझ्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. ती रागावली तर रागावू दे. आता जा, रुबीनाला फोन करून हे सांग."

"मी सांगू? जागा एकच आहे, मावशी."

"ठाऊक आहे. त्या वॉर्डात तुमच्यापैकी कुणीही गेलं तरी पेशंट तेच असणार."

फोन हातात धरून मी बराच वेळ जिन्यात बसले. शेवटी लावला. सगळं ऐकून रुबीना म्हणाली, "सच बोल, फँसा तो नहीं रही मुझे?" मी मावशींच्या त्या पोरीची गोष्ट सांगितली, तेव्हा तिनं ते उत्तर पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पॅनलनं दोघींनाही जवळजवळ तोच प्रश्न विचारला. मी उत्तर बरोबर दिलं, पण का, असं विचारल्यावर अडखळले. जागा रुबीनाला मिळाली. महिनाभर मी मावशींच्या दारावरून मान खाली घालून जात होते.

वर्षभरानं तिथेच दुसरी जागा निघाली. ती जाहिरातीत येण्याआधीच रुबीनाचा फोन आला. या वेळी मी अडखळले नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. दोघी ड्यूटीवरून तशाच पोचलो. ग्वाल्हेरहून आलेल्या त्यांच्या भाच्यानं आम्हाला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं विचारलं, "आप लोग?"

रुबीनानं माझा हात धरला. "हम दोनों इनके वॉर्ड की हैं," ती म्हणाली.