सात वाजता बदलणारं चॅनेल

बायको गेली तेव्हा घरात दोन डबे होते. एक कोपऱ्यातला, दिवे लुकलुकणारा, इंटरनेटचा. दुसरा टीव्हीखालचा, सेट टॉप बॉक्स. दोन्ही मुलाने बसवलेले, तो घरी बसून कंपनीचं काम करायचा तेव्हाचे. आता तो बायकोपोरांना घेऊन कल्याणला राहतो.

जाताना त्याने टीव्हीच्या डब्यात आईसाठी एक सोय करून ठेवली. तिची मालिका सातला लागायची. त्याच वेळेला भात चुलीवर, गुरांना पाणी दाखवायचं, तिला भान राहायचं नाही. म्हणून सात वाजले की डबा आपला आपण चॅनेल बदलायचा. मी बातम्या बघत असलो तरी. आधी खाली एक निळी पट्टी यायची, मग बातम्या सांगणारा अर्ध्या वाक्यात गायब, आणि हिरव्या बंगल्यात एक बाई रडत उभी.

"हा टीव्ही माझा हाय की तुझा?" मी म्हणायचो.

"तुमी दुपारपासून बघताव ना," ती पदराला हात पुसत यायची. "बातम्या उद्या पण त्याच असतात."

पाट ओढून बसायची. मी उठून बाहेर ओट्यावर जायचो. चार वर्षं रोज हेच.

लावणी उरकली आणि ती तापाने पडली. शहापूरला नेली. तिथून ठाण्याला न्या म्हणाले. वाटेत गेली. यावर मला जास्त लिहायचं नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण उतरेनात. मुलगा पुढे झाला, म्हणाला, "आई, बाबांना एकटं सोडणार नाय." कावळे बसूनच. मुरबाडला दिलेली माझी मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या गाईला मी घेऊन जाते, विकू नाय देणार." तरी नाही. ऊन वर आलं. सगळे खाली बसलेले, कोणी कोणाकडे बघेना. मला म्हणाले, तुमी बोला. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितलं असेल तर मला आठवत नव्हतं.

मग माझी मेव्हणी उठली. ही बायकोची धाकटी बहीण, उंबरमाळीकडे दिलेली. तोंडाला लगाम नाही. पिंडासमोर जाऊन हात जोडले आणि म्हणाली, "बाय, तुझी मालिका दाजी रोज बघतील. एक दिवस चुकवणार नाय. जा आता."

माझा चुलता मागून पुटपुटला, "अशा टायमाला काय बोलते ही." दोघातिघांनी तोंडाला रुमाल लावला. तेवढ्यात एक कावळा उतरला आणि भात उचलला.

कोणाला काय समजायचं ते समजा. माझे हात जोडलेले होते, म्हणजे शब्द माझा झाला.

सुतकात टीव्ही बंद होता. चौदाव्या दिवशी लावला. सात वाजता निळी पट्टी आली आणि चॅनेल बदललं. शेजारची वहिनी भाकरी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. "आली गो बाय," म्हणाली.

"डबा हाय तो वहिनी. पोराने लावून ठेवलेला हाय."

पण रिमोटला हात लावला नाही मी. तेव्हापासून रोज बघायचो. बघायचो म्हणजे काय, समोर बसायचो. कोण कोणाची सून, कोणाचं कोणाशी भांडण, काही कळत नव्हतं. एक बाई रडते एवढं ठाऊक. पावणेआठला उठायचो. सोपं होतं. शब्द माझा होता पण पाळत डबा होता.

कोपऱ्यातला डबा मात्र नुसता लुकलुकत राहायचा. त्यावर कोणी काम करणार नव्हतं. बघितलं की मुलगा तिथे बसायचा ते आठवायचं, ती त्याला मधूनच चहा द्यायची तेही. शेवटी शहापूरला केबलच्या ऑफिसात गेलो, म्हटलं नेट काढून टाका. टेबलावरच्या बाईंना तीनदा विचारलं, टीव्ही बंद नाय ना पडणार?

"नाही काका. केबलची तार वेगळी आहे. चॅनेल सगळे दिसतील, फक्त नेटवरचं दिसणार नाही."

नेटवरचं मी कधी बघितलंच नव्हतं. सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आला आणि लुकलुकणारा डबा घेऊन गेला. कोपरा मोकळा झाला, बरं वाटलं.

त्या दिवशी संध्याकाळी बातम्या लावून बसलो. भातसानगरच्या धरणात पाणी किती, ते सांगत होते. ऐकता ऐकता घड्याळाकडे लक्ष गेलं. सव्वासात होऊन गेलेले. बातम्या सांगणारा अजून बोलतच होता.

पहिल्यांदा वाटलं घड्याळ पुढे आहे. मग कळलं, निळी पट्टी आलीच नव्हती. ऑफिसात फोन केला. त्याच बाई.

"काका, कार्यक्रमांची यादी नेटवरून येत होती डब्यात. आता ती आठवण लागणार नाही, चॅनेल आपोआप बदलणार नाही."

"मग नेट परत लावा."

"लावू. पण सगळं नव्याने भरावं लागेल. कुठल्या मालिकेची लावायची?"

मला नाव सांगता येईना. फोन ठेवला.

मेव्हणीला लावला. "ती हिरव्या बंगल्याची मालिका. नंबर सांग चॅनेलचा."

"दाजी, इतके महिने बघताव नि नंबर ठावा नाय? आमच्या छपरावर डिशची छत्री हाय, आमचा नंबर तुमच्या केबलला नाय लागायचा. नाव सांगते, शोधा."

पण नावं पडद्यावर इंग्रजीत येतात. मी चौथीत शाळा सोडलेला. मग बटण दाबत एकेक चॅनेल बघत गेलो. साड्या विकणारे, क्रिकेट, कोणी महाराज, परत क्रिकेट. अंगठा दुखायला लागला. शेवटी हिरवा बंगला दिसला तेव्हा भाग संपत आलेला. आणि ती बाई हसत होती.

तिला हसताना मी कधी बघितलं नव्हतं. परत फोन लावला. "ती हसतेय. का गो?"

"म्हणजे आज चुकवलात."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

मग म्हणाली, "ऐका. आता नीट ऐका, मधे बोलू नका." अर्धा तास तिने सांगितलं. कोण कोणाची सून, नवरा कुठे गेला होता, आज कसा परत आला. तिच्या बहिणीला तो परत येईल असं पहिल्यापासून वाटत होतं, हेही सांगितलं. मला बायको हे कधी बोलली नव्हती. बोलली असेल तर मी ओट्यावर होतो.

चॅनेलचा नंबर खडूने भिंतीवर लिहून ठेवलाय, टीव्हीच्या बाजूला. मुलगा म्हणाला, बाबा, रविवारी येऊन नेट परत जोडून देतो. नको म्हटलं. आता पावणेसातलाच लावून बसतो, जाहिरातींपासून. डोळे दुखतात. कधी बसल्या बसल्या डुलकी लागते, मग मेव्हणीचा फोन येतो आणि ती परीक्षा घेते.

रविवारी मालिका नसते. तरी हात रिमोटकडे जातो. मग बातम्या लावतो. त्याच असतात.