शिमग्याला मागितलेली झोप

माझा नवरा विमान कंपनीत आहे, असं आमच्या वाडीत सगळे म्हणत. लग्न ठरवताना माझ्या माहेरीही हेच सांगितलं होतं आणि त्यात अगदीच खोटं काही नव्हतं. फक्त तो विमानाच्या आत नव्हता आणि विमानाजवळही नव्हता. मुंबईत एका कंत्राटदाराची गाडी तो चालवायचा. वैमानिकांना आणि हवाई सुंदऱ्यांना घरून किंवा हॉटेलातून उचलायचं, विमानतळावर पोचवायचं, उतरलेल्यांना पुन्हा माघारी सोडायचं, हे त्याचं काम. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काळे बूट. त्या कपड्यांतल्या फोटोत तो इतका रुबाबदार दिसायचा की माझ्या आत्याने तो फोटो पाहायला म्हणून नेला आणि परत दिलाच नाही.

इथे लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. समोर 'अहो'च म्हणते. 'तो' म्हणायची हौस अशी कागदावर भागवून घेते.

अठ्ठ्याण्णव साली लग्न झालं. आमचं घर रत्नागिरीहून मालगुंडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वर, कातळाच्या कडेला. सासू-सासरे आधीच गेलेले. नवरा लग्नाची रजा संपवून मुंबईला गेला आणि मी त्या घरात राहिले. आंब्याच्या दिवसांत एका बागायतदाराकडे पेट्या भरायला जायची, एरवी वाडीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. एकटी होते. आज हे सरळ लिहिता येतं. तेव्हा तोंडातून काढायची सोय नव्हती, कारण नवरा हयात, कमावता आणि वर विमान कंपनीत. अशा बाईने एकटी आहे म्हटलं तर लोक तिच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतात.

तो घरी आला की मी जास्त एकटी व्हायची, हे तर मी कुणालाच सांगितलं नाही. तो यायचा, चहा प्यायचा आणि झोपायचा. जेवायला उठायचा आणि पुन्हा झोपायचा. रजा संपली की बॅग उचलून जायचा. वाडीतल्या बायका विहिरीवर माझी चेष्टा करायच्या. "नवरा आलाय, म्हणून बाईसाहेबांचं दर्शन नाही हो दोन दिवस!" मी लाजल्यासारखं करायची. खरं तर ते दोन दिवस मी स्वयंपाकघरात पाटावर बसून वाल सोलत असायची आणि पलीकडच्या खोलीत तो घोरत असायचा. भांडं वाजू नये म्हणून मी पाणीसुद्धा हळू ओतायची.

त्याची झोप कुठे जाते, हे मला हळूहळू कळलं. ड्युटी बारा तासांची म्हणायची, पण पुढचा ड्रायव्हर आला नाही की तीच गाडी घेऊन तोच पुढे. त्याला ते लोक 'डबल' म्हणत. डबलला नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी गाडीची चावी दुसऱ्याच्या हातात. मधल्या वेळात झोपायचं ते गाडीतच, सीट मागे पाडून, काचा उघड्या ठेवून. डास चावतात म्हणून काच लावावी तर घामाने शर्ट भिजतो, आणि शर्ट मळला की दंड. डोळा लागला की पार्किंगवाला काचेवर टकटक करून गाडी पुढे घ्यायला सांगतो. म्हणून हा खिशात हिरवी मिरची ठेवायचा. डोळे जड झाले की चावायची. मिरचीने भागेना तेव्हा डोळ्यांखाली बाम चोळायचा. तो परत गेल्यावर त्याच्या उशीला बामाचा वास राहायचा. मी ती उशी लवकर धूत नसे.

एकदा त्यानेच सांगितलं की वैमानिकाच्या विश्रांतीचा नियम असतो. ठरलेले तास झोप झाली नसेल तर त्याला विमान उडवू देत नाहीत, मग प्रवासी कितीही बोंबलोत.

मी विचारलं, "आणि तुमच्या झोपेचा?"

"आमचा कसला नियम? आम्ही जमिनीवरून चालतो ना."

तो हे हसून म्हणाला. मला हसू आलं नाही.

मी सांगते आहे तो शिमगा लग्नानंतर चार-पाच वर्षांनी आला. शिमग्याला आमच्याकडे देव पालखीत बसून घरोघर येतो. वर्षातून एकदाच, म्हणून त्या दिवशी घरच्या पुरुषाने घरात असायलाच हवं. पालखी वळणावरून स्वतःच्या खांद्यावर घेऊन अंगणात आणायची असते. त्याआधीच्या दोन शिमग्यांना नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, पालखी भावकीतल्यांनी आणली होती. त्या वर्षी तो एक दिवस तरी येणारच म्हणून हटून बसला. सकाळी एसटीने उतरला. रात्रभर बसायला जागा मिळाली नव्हती, चिपळूणपर्यंत उभाच होता. त्याच संध्याकाळच्या गाडीने परत निघायचं होतं आणि उतरल्या उतरल्या कामावर जायचं होतं. तसं कबूल करूनच रजा मिळाली होती.

मी चहा पुढे ठेवला, त्याने तो बशीत ओतला. मी विचारायच्या आधीच तो बोलला.

"परवा डोळा लागला गं माझा. पुलावर. चाक दुभाजकाला घासलं, त्या आवाजाने जाग आली."

"आणि मागे बसलेले?"

"मागे सगळे झोपलेले. आरशात बघितलं तर कॅप्टन तोंड उघडं टाकून, आणि एक पोरगी बूट काढून पाय वर घेऊन. कुणाला काही कळलं नाही. सोडलं त्यांना. थँक्यू म्हणाले."

त्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "आधी वाटलं, बरं झालं, कुणाला कळलं नाही. आता वाटतं, कुणीतरी ओरडायला हवं होतं."

  नोकरी सोडून द्या म्हणाले असते तर खायचं काय, हा प्रश्न होता. त्याने मला दोनदा बजावलं. ढोल वळणावर आला की उठव. आणि पालखी गेल्यावर पुन्हा झोपेन, तेव्हा एसटीसाठी उठव. घड्याळाचा गजर लावू नकोस, गजराने मी दचकतो, तूच उठव. मग तो माजघरात चटईवर आडवा झाला आणि मी अंगावर पांघरूण घालेपर्यंत झोपलासुद्धा.

ढोल ऐकू आला तेव्हा मी ओटीचं ताट भरत होते. खण, नारळ, तांदूळ. मी माजघरात गेले. खांद्याला हात लावला, हलवलं, "अहो, पालखी आली" म्हटलं. तो उठला नाही. ढोल वळणावर आला, मग कुंपणाच्या गडग्याशी आला, मग अंगणात आला. आमच्याकडचा शिमग्याचा ढोल ज्याने ऐकला आहे त्याला सांगायला नको. घराची कौलं थरथरतात, छातीत धडधडतं. आणि हा माणूस भिंतीपलीकडे, चार हातांवर, मेल्यासारखा पडून होता. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

मला तेव्हा खरी भीती वाटली. ज्याला हा ढोल उठवत नाही, त्याला उद्या पुलावर काय उठवणार? मी त्याला आणखी जोरात हलवू शकत होते. तोंडावर पाणी मारू शकत होते. ते केलं नाही. दार लोटून घेतलं आणि ताट घेऊन एकटी बाहेर आले.

पालखी टेकवलेली होती. गावकर पुढे उभे होते. देवापुढे वाडीच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. आवाज खणखणीत, वय झालेलं, कान थोडे गेलेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"घो कुठं हाय गो तुजा? सकाळी एश्टीतून उतारताना बघितलानी लोकांनी."

"निजलेत."

"निजलाय? देव अंगणात नि ह्यो निजलाय? उठव त्येला!"

"नाही उठत ते," मी म्हणाले. "आणि मी उठवणारही नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, दारू जास्त झाली असेल. मला इतका राग आला की ओटी भरताना माझ्या हातून तांदूळ सांडले. आयुष्यात थेंब घेतला नाही त्याने. घेतली असती तर निदान ढोलाने जागा तरी झाला असता.

गावकरांनी विषय वाढवला नाही. आवाज जरा खाली आणून म्हणाले, "बरा, ऱ्हाऊ दे. सांग बाय, देवाकडं काय मागायचा ता. लाजू नको."

मी काय मागणार ते सगळ्या अंगणाला माहीत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. बायकांनी पदर सावरले, त्यांचे चेहरे मऊ झाले. मलाही तेच मागायचं होतं. वर्षभर तेच मनाशी घोकलं होतं, पालखी आली की हे मागायचं म्हणून. खरंच सांगते, शब्द अगदी ओठांवर होते.

"त्यांना झोप मिळू दे," मी म्हणाले.

"काय?"

"झोप. पोटभर झोप मिळू दे त्यांना."

गावकरांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी शेजारच्याकडे बघितलं, त्याने मान डोलावली. पोरं हसली. मग त्या म्हाताऱ्याने हात जोडले आणि अजिबात न हसता गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा! ह्या घरचा चाकरमानी मुंबैत गाडीवर हाय. दुसऱ्यांस्नी इमानावर पोचवताना त्येच्या डोळ्याला डोळा लागत न्हाय. त्येला त्येच्या वाटणीची झोप दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले, अर्धे हसत आणि अर्धे तसेच.

पालखी पुढच्या घराकडे निघाली. अंगणात गुलाल आणि नारळाची शेंडी तेवढी उरली. मी माजघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. तो त्याच कुशीवर होता. बसल्या बसल्या मला उमगलं की देवाला मी गाऱ्हाणं घातलं खरं, पण ह्या माणसाला उठवायचं काम देवाकडे नाही, माझ्याकडे आहे. एसटीची वेळ झाली की मीच त्याला हलवणार होते, मीच त्याच्या हातात बॅग देणार होते.

उन्हं कलली. मी त्याचे कपडे इस्त्री करून ठेवले होते, त्यांच्याकडे बघत बसले. एसटीची वेळ झाली. खालच्या रस्त्यावर ती थांबल्याचा आवाज आला, मग निघाल्याचा आला. मी जागची हलले नाही.

दिवेलागणीला शेजारच्या चाचींनी गडग्यावरून हाक मारली. चाचींचे तिन्ही मुलगे आखातात, म्हणून आमच्या बाजूला तेवढ्या एका घरी फोन होता. फोनवर कंत्राटदार होता. एसटी मिळाली का, हे विचारायला त्याने फोन केला होता.

"झोपलेत," मी म्हणाले.

"मग उठवा."

"नाही उठवत."

"वहिनी, सकाळी तो इथे नसेल तर गाडी दुसऱ्याला देईन. माझ्याकडे लाइन लागलेली आहे."

"द्या," मी म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला. ठेवल्यावर मात्र घरी न जाता मी चाचींच्या ओटीवर बसले. चाची सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, आता ह्या मला वेड्यात काढणार.

त्या म्हणाल्या, "माजा मोठा तिकडं टँकर चालवतो. त्येला कोण निजवत असंल, अल्ला जाणे." आणि मला पाणी आणून दिलं.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठला. ऊन माजघरात आलं होतं. त्याने उन्हाकडे बघितलं, खुंटीवरच्या इस्त्रीच्या कपड्यांकडे बघितलं आणि सगळं समजला. तो ओरडेल म्हणून मी तयारीत होते, उलट उत्तरंही जुळवून ठेवली होती. तो ओरडला नाही.

"पालखी गेली?"

"गेली."

"फोन आला होता?"

"आला होता. गाडी दुसऱ्याला दिली."

मी पेज वाढली. जेवता जेवता त्याने विचारलं, "देवाकडे काय मागितलंस?"

मी सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मूल का नाही मागितलंस?"

 वर्षातून एकदा देव दारात येतो आणि एकच काहीतरी मागायचं असतं, एवढंच मी म्हणाले. त्यावर तो उठला आणि मागच्या पडवीत जाऊन उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. मी जवळ गेले नाही. जायला हवं होतं की नको, हे मला कळलं नाही.

पुन्हा मुंबईला तो गेला नाही. सुरुवातीला बागायतदाराचा टेम्पो, मग स्वतःची रिक्षा. पैसे कमी झाले, ओढाताण झाली, त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. आम्हाला मूल झालं नाही. त्याची कारणं डॉक्टरांनी सांगितली आहेत आणि त्यांचा शिमग्याशी काही संबंध नाही. पण वाडीतल्या बायकांनी आपापसात ठरवून टाकलं आहे की हिने मागणं वाया घालवलं. एखादी आगाऊ सून अजून विचारते, "काकी, यंदा काय मागणार, झोपच का?" मी म्हणते, तुझ्यासाठी थोडी अक्कल मागेन. घरात आल्यावर मात्र तेच वाक्य दिवसभर कानात राहतं.

दुपारी रिक्षा अंगणात लावून तो जेवतो आणि ओटीवर आडवा होतो. आता त्याच्या उशीला बामाचा वास येत नाही. दोन मिनिटांत घोरायला लागतो. चारला मी दोन कप चहा करते, त्याच्या उशाशी एक ठेवते आणि समोर बसते. बोलायचं बरंच साठलेलं असतं. मग माझा कप मी पिते. त्याचा गार होतो, तरी मी त्याला उठवत नाही.