लाखेचं सील

फॉरेन्सिक लॅब कशी चालवावी, यावर निवृत्तीनंतर मी पुस्तक लिहिलं. पुराव्याच्या पार्सलाला सील कसं लावावं, हे प्रकरण संपादकांना नको होतं. कोण वाचणार म्हणे. माझं डोकंच फिरलं. धारूरच्या घरी हस्तलिखित पांढऱ्या कापडात शिवलं आणि नोकरीभर पोलिसांकडून हट्टानं करून घेतलं तसं, प्रत्येक गाठीवर लाख ओतून शिक्का मारला.

"कावून एवढं? पुस्तकच हाय ना?" बायको म्हणाली. मी पोस्टात जाऊन पार्सल संपादकांना पाठवून आलो.

पुढच्या आठवड्यात संपादकांचा फोन आला.

"सगळी सीलं शाबूत आहेत. फोडायचा धीर होईना, साक्षीला दोघांना बोलावलंय." मग म्हणाले, "ते सीलचं प्रकरण पुस्तकात राहू द्या."

"ते आतच आहे," मी म्हणालो.