न गळणारा हौदा

माहुल नकाशात मुंबईचं उपनगर आहे. नकाशा करणारे खाडीच्या अंगाने गावात आले असते तर त्यांनी तसं लिहिलं नसतं. इथे घरांपुढे बांबूच्या वलांड्या उभ्या असतात आणि त्यांवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने वाळत असतात. पलीकडे तेलाच्या कारखान्यांच्या गोल टाक्या, अलीकडे चिखलात कलंडलेल्या होड्या. या दोहोंच्या मधल्या गल्लीत अनंता कोळी राहायचा, आणि माहुलच्या बंदरातली बहुतेक प्रत्येक होडी कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलेली असायची.

अनंता होड्या बांधायचा. बापही बांधायचा, आजाही. फळीला फळी बसवायची, सांध्यात कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल चोपडायचं. होडी पुरी झाली की ती जमिनीवर असतानाच तो तिच्यात पाणी ओतायचा, चांगली पोटभर, आणि दुसऱ्या सकाळी खालची माती हाताने चाचपायचा. माती कोरडी तर होडी पास. जे पाणी आतून बाहेर येत नाही ते बाहेरून आत जाणार नाही, असा त्याचा सरळ हिशोब होता. अनंताच्या होडीने पाणी घेतलं, असं आजवर कुणी बोललं नव्हतं. बाकी माणूस गरीब स्वभावाचा, पण या एका गोष्टीची त्याला घमेंड होती आणि ती त्याला शोभायची.

त्याची आई सरूबाई मुलुंडच्या बाजारात बसायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिथला एक ओटा तिचा. दगडाचा, कोपऱ्यातला, बसून बसून गुळगुळीत झालेला. मुलुंडची गिऱ्हाइकं तिला नावाने ओळखत आणि ती त्यांना त्यांच्या मासळीने ओळखायची: ही कोळंबीवाली, तो मांदेलीवाला, ती पापलेटाला हात लावून बोंबील नेणारी. घासाघीस करताना तिचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. पण गुडघे गेले. गेल्या हंगामात बसच्या पायरीवरून ती पाटीसकट खाली आली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर बसची पायरी तिला चढता येईना. सून मथुरा नाहूरला दारोदार मासळी विकायची. ती आपली पाटी सांभाळील की सासूला उचलील?

सरूबाई घरी बसली. सुकं निवडू लागली. आणि हळूहळू तिचा आवाज बारीक झाला. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, म्हातारी आता ओरडतसुद्धा नाही. मग उन्हाळ्यात मुलुंडहून निरोप आला की तिच्या ओट्यावर दुसरीच्या टोपल्या येऊन बसतात. आधी एक होती, आता तीन झाल्या. सरूबाईने निरोप ऐकला आणि सुकं निवडता निवडता अनंताला सांगितलं, की नारळी पुनवेनंतर पहिली मासळी येईल त्या दिवशी मी ओट्यावर बसले तर बसले. नाही बसले तर ओटा सोडला. मग माझ्यापुढे कुणी त्याचं नाव काढू नका.

दोन दिवसांनी अनंता देवनारला गेला.

तिथे बकऱ्यांची ने-आण करणाऱ्या एका माणसाची जुनी पिकअप गाडी झाडाखाली पडून होती. मागच्या, माल ठेवायच्या हौद्याचा पत्रा सडलेला, त्यातून गवत वर आलेलं. त्या माणसाच्या नव्या घराला दारं-खिडक्या हवी होती. अनंताने ती करून दिली आणि गाडी घेतली. गाडी माहुलला आली ती ओढतच. सरूबाई उंबऱ्याशी आली, नाकाला पदर लावला आणि कित्येक महिन्यांनी तिचा जुना आवाज गल्लीने ऐकला.

"बकऱ्यांची गारी आनलीस? माझ्या पापलेटाला बकऱ्याचा वास लागला तं कोन घेल रं?"

त्या घटकेपासून गाडीचं नाव बकरी पडलं.

आता लाकूड अनंताला कळत होतं, पण लोखंड कळत नव्हतं. त्यासाठी धाकू आला. धाकू मालवणकडचा, गिरणीत फिटर होता. संपानंतर गिरणी काही त्याच्यासाठी उघडली नाही. तेव्हापासून तो घाटकोपरच्या एका गॅरेजात काम करायचा आणि जगातल्या प्रत्येक यंत्राला शिव्या घालून चालतं करायचा. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच सांगितलं की इंजिन बदलायला हवं.

"ह्या मेला पेट्रोल पिता किती! माका चाय पन इतकी लागना नाय."

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसं रिकामी असतात. अनंताच्या अंगणात जुनं शीड ताणून मांडव घातला गेला आणि त्याखाली बकरीचं काम सुरू झालं. वर शिडावर पाऊस वाजायचा, खाली धाकूचा हातोडा. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एका मोडक्या टेम्पोचं डिझेल इंजिन आलं. ते उचलायला गॅरेजासारखी साधनं नव्हती. गल्लीने तीन बांबू तिकाटण्यासारखे उभे केले, वर होडीची कप्पी बांधली, आणि होडी ओढताना देतात तीच हाळी देत सगळ्यांनी दोर ओढला. इंजिन डुलत डुलत वर गेलं आणि गाडीच्या पोटात उतरलं. त्याचे पाय जुन्या जागी बसेनात. अनंताने लाकडाचे साचे करून दिले, त्यावरून धाकूने लोखंडाचे नवे पाय घडवून आणले. डिझेलचं इंजिन जड, म्हणून पुढच्या दोन्ही कमानींत एकेक पाटा वाढवला. ब्रेक उतरवून साफ केले, वायरी सगळ्या नव्या ओढल्या. बैठकीत काथ्या नव्हता. मथुराने फाटक्या जाळ्यांचे तुकडे भरून गादी शिवली. सरूबाईसाठी अनंताने दाराखाली लाकडी पायऱ्यांची घडवंची केली, होडीवर चढायच्या शिडीसारखी, आणि धरायला वर एक दोर लावला.

सरूबाई रोज येऊन बघायची. मदत नाही, नुसत्या सूचना. धाकूला ती म्हणायची की तू गिरणीत कापडसुद्धा असंच ठोकून काढायचास का. धाकू म्हणायचा, म्हातारे, तुझे गुडघे माझ्याकडे दे, ग्रीस घालून देतो. दोघंही त्या पावसाळ्यात फार खुशीत होती.

भांडण झालं ते हौद्यावरून. धाकूला पत्रा हवा होता. अनंता म्हणाला, मासळीच्या खाऱ्या पाण्याने पत्र्याची वर्षात चाळण होते. हौदा लाकडाचाच होईल आणि तो मी करीन. इथे त्याने कुणाचं ऐकलं नाही. एक म्हातारी होडी मोडून तिचं सागवान त्याने राखून ठेवलं होतं. तेच लावलं. फळीला फळी, सांध्यात कापूस, वर राळ. मागची फळी वरच्या बाजूला जराशी वळवली, हाताची सवय म्हणून. पुरा झाल्यावर लांबून बघितलं तर पुढून गाडी होती आणि मागून होडी.

आणि मग अनंताने परीक्षा घेतली. धाकू त्या दिवशी टायर आणायला कुर्ल्याला गेला होता. गल्लीतल्या बायका-माणसांनी हंडे-कळशा आणून हौदा काठोकाठ भरला. दुसऱ्या सकाळी सगळ्यांसमोर अनंता गाडीखाली गेला आणि पालथा हात फळ्यांवरून फिरवत राहिला. बाहेर येऊन त्याने हात दाखवला. कोरडा. बायकांनी कौतुक केलं, मथुराने साखर वाटली. मग पाणी बादल्यांनी उपसून काढलं, जसं होडीतलं काढतात. इतकं सगळं गाव तिथे उभं होतं, पण एकाच्याही मनात शंका आली नाही. कशी येणार? होडीच्या गावात न गळण्याला कोण दोष देईल?

तपासणी झाली, कागद झाले. नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहिला तसा बकरीपुढेही एक फोडला. होड्या गेल्या आणि मासळी घेऊन परतल्या.

त्या पहाटे गल्लीतल्या सगळ्या बायका पाट्या घेऊन आल्या. पाट्यांत मासळी, मासळीवर फोडलेला बर्फ, वर गोणपाट. पाट्या हौद्यात, बायका कडेच्या फळ्यांवर, अनंता मागे त्यांच्यात. पुढे धाकू चाकाशी आणि त्याच्या शेजारी सरूबाई, हिरवं लुगडं, केसांत आबोलीचा वळेसर, दोर हातात घट्ट. गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली. चेंबूर गेलं, घाटकोपर गेलं, आग्रा रोड लागला. ऊन वर यायला लागलं. मागे बायका गाणी म्हणत होत्या.

भांडुप ओलांडल्यावर धाकूच्या लक्षात आलं की गाडी ऐकत नाही. तो डावीकडे वळला की ती उजवीकडे कलायची, आणि सरळ केली की जरा वेळाने डावीकडे. ब्रेक दाबला तर थांबता थांबता पुन्हा कुणीतरी मागून ढकलल्यासारखी पुढे सरकायची. त्याला वाटलं, नवा पाटा तुटला. नाहूरच्या वळणावर मागून बायकांचा कालवा झाला, तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली आणि उतरून मागे गेला.

हौद्यात घोट्याच्या वर पाणी होतं. सगळ्या पाट्यांचा बर्फ वितळला होता आणि एक थेंब बाहेर गेला नव्हता. एका पाटीतली पापलेटं निघून पाण्यात तरंगत होती, कुणाची तरी चप्पल त्यांच्या मागोमाग फिरत होती, आणि बायका पाय वर घेऊन फळ्यांवर बसल्या होत्या. गाडी वळली की ते सगळं पाणी एका अंगाला धावत होतं.

धाकू म्हणाला, "अनंता, ही गाडी असा, व्हडी न्हय. पानी भायर जाऊक वाट खंय ठेवलंस?"

बादली नव्हती. पाट्यांनी उपसायचं तर पाट्याच गळक्या. तिकडे मुलुंडचा बाजार भरत होता. अजून थोडा वेळ, आणि कोपऱ्यातल्या ओट्यावर तीनच्या चार टोपल्या होणार होत्या. हत्यारांची पेटी गाडीतच होती. धाकूने तिच्यातलं गिरमीट काढून अनंताच्या हातात दिलं. अनंता ते घेऊन उभा राहिला. तळाला भोक. ज्या हाताने जन्मभर भोकं बुजवली त्या हाताने, आपणच बांधलेल्या तळाला. तो पाण्यात उतरला, वाकला, गिरमिटाचं टोक फळीला लावलं आणि थांबला.

बायकांना त्याचं थांबणं कळत होतं. त्यांच्याही घरांत होड्या होत्या.

पुढच्या खिडकीतून सरूबाईने मान बाहेर काढली. दोर धरून ती मागे वळली होती.

"अनंता, होरी पान्यात असते तवा भोक पारत नाय. पन इथं पानी कुठं हाय, बाहेर का आत?"

अनंताने क्षणभर आईकडे बघितलं. मग गिरमीट फिरवायला लागला. जुनं सागवान, ते सहज वाट देईना. शेवटी टोक खाली उतरलं, त्याने हत्यार उपसलं, आणि नाहूरच्या रस्त्यावर बोटाएवढी धार लागली, लांब, चकचकीत. कुठून कुठून मांजरं गोळा झाली. पहिल्यांदा हसली ती मथुरा, मग सगळा हौदा हसायला लागला, आणि सरतेशेवटी अनंताही, पाण्यात तसाच उभा राहून.

मुलुंडला पोचले तेव्हा बाजार भरला होता. कोपऱ्यातल्या ओट्यावर टोपल्या होत्याच. सरूबाई लाकडी पायऱ्यांवरून उतरली, एक पाय, मग दुसरा, आणि मथुराचा हात न धरता चालत गेली. ओट्यासमोर उभी राहिली. त्या टोपल्यांच्या बाईने वर बघितलं आणि आपल्या टोपल्या उचलून बाजूला ठेवल्या. म्हणाली, मावशी, राखूनच ठेवला होता. सरूबाई म्हणाली की हो, तीन टोपल्यांनी राखला होतास. आणि बसली.

तिने गोणपाट काढलं तेव्हा आजूबाजूच्या बायका वाकून बघायला लागल्या. बाकीच्यांची मासळी वाटेत बर्फ गळून कोमट झालेली. माहुलची मासळी मात्र सबंध रस्ता थंड पाण्यात बसून आली होती. पापलेट आरशासारखं, डोळा ताजा, हात लावला तर बोटं गारठत. सरूबाईने पहिली हाळी दिली ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचली. मांदेलीवाला म्हातारा तिकडून लगबगीने आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि मांदेली घ्यायची विसरून नुसताच हसत राहिला.

त्या आठवड्यात अनंताने हौद्यात आडव्या फळ्या घालून खण पाडले, म्हणजे पाणी धावणार नाही. नाहूरला पाडलेलं भोक त्याने बुजवलं नाही. त्याला लाकडाचं बूच केलं, बुचाला दोरी लावली आणि दोरी पुढे सरूबाईच्या खिडकीपर्यंत आणली. माहुल ते नाहूर पाणी आत. नाहूरच्या वळणावर धाकू गाडी हळू करायचा, सरूबाई दोरी ओढायची, आणि मांजरं आधीपासून रांगेत बसलेली असायची. हौदा न गळणारा आहे, हे अनंता पुढेही सगळ्यांना सांगायचा, फक्त आता जोडायचा: आई सांगेल तेव्हा गळतो.

दिवाळीपूर्वी गाडीला रंग लागला. नाव काय घालायचं ते होडीसारखं घरातल्या वडील माणसाने ठरवायचं, म्हणून अनंता ब्रश घेऊन आईसमोर उभा राहिला. सरूबाईने विचार करून सांगितलं, सुलक्षणा. मागच्या वळवलेल्या फळीवर, पांढऱ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना कमळ काढून त्याने ते लिहिलं. माहुलमध्ये त्या नावाने तिला कुणीही कधी हाक मारली नाही. सकाळी इंजिनाचा आवाज आला की गल्लीतल्या बायका पाट्या उचलत म्हणायच्या, चला गो, बकरी उठली.