मधली खोली

चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकणाऱ्या रंभाबाईंचं एक गुपित फक्त त्यांच्या दिवंगत नवऱ्याला, जगनला ठाऊक होतं. कोळीण असून त्यांना बोट लागायची! आता मुलगा कल्पेश आणि सून हेतल क्रूझवर तिघांसाठी खोली निवडत होते, आणि रंभाबाई समोरचा जहाजाचा नकाशा निरखत होत्या.

"सगळ्यात वरची, गॅलरीवाली घेऊ," कल्पेश म्हणाला.

रंभाबाई नव्या नवरी असताना जगननं त्यांना होडीत मधोमध, तळाशी निजवलं होतं, कारण तिथं कमी हलतं. त्यांनी नकाशावरची खालची, मधली खोली दाखवली.

"आये, तिथं खिडकी नाय! कोळीण ना तू?"

"मला बोट लागते रं," त्या कशाबशा पुटपुटल्या.

हेतलनं सुटकेचा श्वास सोडला. "मलापण, आई! तुम्ही हसाल म्हणून गप्प होते."