हवेची वाट

बेळ्ळंदूरच्या गर्दीत शेजारच्या लॉरीच्या डिझेलचा वास रिक्षात शिरला आणि मी मनानं यशवंतपूरच्या आमच्या जुन्या गॅरेजात पोचले.

एका लॉरीच्या इंजिनाला हवा मोकळी मिळावी म्हणून यांनी सिलिंडर हेडमधली वाट दिवसभर घासली होती. घट्टे पडलेल्या बोटांना आता काही कळेना. "तू बघ गं बोट घालून," म्हणाले.

मी डोळे मिटले. थंड लोखंडी वळणावरून बोट हळूहळू फिरलं. "इथे स्वल्प खरखरीत आहे."

त्यांनी तिथे पुन्हा घासलं. लॉरीवाल्यानं हात फिरवून पाहिला. "अण्णा, तुमचा हात म्हणजे हात."

हे माझं काळं झालेलं बोट फडक्यानं पुसत राहिले.

माझं नाव सांगितलं नाही म्हणून मी तेव्हा रुसले होते. आज फक्त ते पुसणं आठवतं.